काकांची रेघ आणि माझा नकाशा

आई माळा साफ करायला काढते तेव्हा मी हार्ड डिस्क साफ करायला काढतो. दोन्हीकडे प्रकार सारखाच. टाकायचं काहीच नसतं आणि दिवस मात्र जातो. गेल्या रविवारी अशीच साफसफाई चालू असताना एक फोल्डर सापडलं : 'सांगली_पूर_फायनल_२'. नाव वाचूनच कान गरम झाले! गोष्ट जुलै २०२१ ची आहे आणि त्यात मी चांगलाच तोंडावर आपटलोय. पण सांगायला हरकत नाही, कारण उपग्रहांनी मोजलेली जमिनीची उंची आणि तिची अचूकता याबद्दल माझं आज जे मत आहे ते या फोल्डरमुळेच बनलंय.

तर झालं असं. माझी मावशी सांगलीला राहते, नदीपासून फार लांब नसलेल्या जुन्या वस्तीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे बघा), तेव्हा तिच्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जो मळकट डाग राहिला, त्यावर काकांनी खिळ्याने एक रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली. पुढे घराला रंग दिला तरी त्यांनी ती रेघ बुजवू दिली नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस लागला. मी नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती, काम घरूनच चालू होतं आणि अंगात किडा भरपूर. म्हटलं, पेपरवाले आणि व्हॉट्सॲपवाले काय सांगतात ते कशाला ऐकायचं, आपणच नकाशा बनवू. जगभरच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो हे माहीत होतं. एसआरटीएमची एन१६ई०७४ ही फाइल उतरवली. पहिल्यांदा उघडली तर सांगलीच्या आसपास हिमालयापेक्षा उंच डोंगर दिसायला लागले! अर्ध्या तासाने लक्षात आलं की फाइलमधले बाइट उलट क्रमाने वाचतोय. ते सुलटे केल्यावर सांगली जागेवर आली. मग नदीच्या पात्रातली उंची तळ म्हणून धरली, त्यात पुलावरचे ५५ फूट, म्हणजे सुमारे १६.८ मीटर मिळवले आणि त्याच्या खालचं सगळं निळं रंगवलं. मावशीचं घर कोरडं! नुसतं कोरडं नाही, पाण्याच्या तीन मीटर वर.

लगेच फोन लावला. "काका, तुमच्याकडे पाणी येत नाही. सामान हलवू नका, उगाच दमाल."

काका "बरं बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अरे, ह्यांनी सगळं सामान वरच्या मजल्यावर नेलं बघ. मला म्हणाले, पोराचं ऐकून घ्यायचं, पण रेघेच्या खाली काही ठेवायचं नाही."

नदी ५४-५५ फुटांपर्यंत चढून थांबली आणि मावशीच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं. काकांनी माझं ऐकलं असतं तर फ्रिज, गाद्या, आजोबांच्या वेळची कागदपत्रं सगळं गेलं असतं. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

आता चूक कुठे झाली? फाइलमधले आकडे खोटे नव्हते. ते कशाचे आकडे आहेत हेच मी विचारलं नव्हतं.

एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या स्पेस शटलने केलेली मोहीम. शटलमध्ये एक रडार, आणि साठ मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना. आपल्याला दोन डोळ्यांमुळे अंतर कळतं, साधारण तसंच दोन अँटेनांवर परत आलेल्या लहरींमधल्या फरकावरून जमिनीची उंची काढायची. अकरा दिवसांत उत्तरेला ६० अंश आणि दक्षिणेला ५६ अंश अक्षांशापर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजून झाली. आधी अमेरिकेबाहेरच्या जगाला ९० मीटरच्या चौकटीचा डेटा मिळाला, २०१४ पासून ३० मीटरचा मिळायला लागला. हे काम थोर आहे यात वाद नाही. गेल्या पंचवीस वर्षांत पाण्याचा, दरडींचा, मोबाइल टॉवरचा अभ्यास करणाऱ्या किती लोकांनी हा डेटा वापरला असेल त्याची गणतीच नाही.

पण रडारची ती लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची. ती झाडाच्या पानांत, फांद्यांत अडकते आणि छपरावरून परत जाते. म्हणजे मिळते ती उंची जमिनीची नसते, वरून जे काही दिसतं त्याची असते. त्यात ३० मीटरची चौकट म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून एकच आकडा, तोही पूर्ण मीटरमध्ये! मावशीच्या घराच्या नऊ गुंठ्यांत दोन दुमजली वाडे आणि एक भलं मोठं पिंपळाचं झाड आहे. मी हिशोब केला तो पिंपळ आणि वाड्यांच्या छपरांचा. पाणी आलं खालच्या फरशीवरून.

गावाबाहेर तर आणखी मजा. मोहीम झाली फेब्रुवारीत, ऐन ऊसतोडीच्या हंगामात. एका रानात पुरुषभर उंचीचा ऊस उभा, शेजारच्या रानात तोडणी झालेली. दोन्ही रानं एकाच पातळीत असली तरी रडारला ती तशी कशी दिसणार? नदीकाठच्या सपाट मुलखात मीटर-दोन मीटरच्या फरकावर पाणी कुठे वळणार हे ठरतं, आणि नेमका तेवढाच फरक उसाचा असतो.

तिसरी भानगड शून्याची. उंची म्हणजे कुठल्या शून्यापासून? पुलावरच्या फुटांचं शून्य वेगळं. आपल्या सर्वेक्षणाचं शून्य समुद्राच्या सरासरी पातळीवरचं. उपग्रहाला मात्र समुद्र-बिमुद्र काही कळत नाही, तो पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून मोजतो. हा लंबगोल आणि समुद्रसपाटी यांच्यात आपल्याकडे साठ मीटरहून जास्त फरक आहे. पुण्यात गच्चीवर उभं राहून फोनच्या जीपीएसमधला कच्चा आकडा बघा, शहर तेवढं खाली बसलेलं दिसेल. हा फरक काढून टाकायची गणितं आहेत, पण तीही मीटरच्या आसपास चुकू शकतात. मी तर नदीच्या पाण्याचा पृष्ठभागच शून्य धरला होता. गंमत म्हणजे ही चूक पाणी जास्त दाखवणारी होती, तरी घर कोरडं निघालं. म्हणजे छपरांची चूक किती मोठी असेल बघा!

तुम्ही म्हणाल, २००० सालचा डेटा वापरलास तर दुसरं काय होणार. रास्त आहे. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या. २०१७ मध्ये जपानच्या यामाझाकी आणि सहकाऱ्यांनी एसआरटीएममधले पट्टे, ठिपके आणि झाडांची उंची काढून 'मेरिट' नावाचा साफ केलेला संच दिला. जर्मनीच्या टेराएसएआर-एक्स आणि टॅनडेम-एक्स या जोडीने आकाशात एकमेकांपासून काहीशे मीटरवर राहून सगळी पृथ्वी पुन्हा मोजली. त्यातूनच युरोपचा कोपर्निकस हा ३० मीटरचा संच निघाला, तोही फुकट. पण तोसुद्धा छपरांचाच. मग २०२२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या हॉकर आणि सहकाऱ्यांनी त्यातून मशीन लर्निंग वापरून जंगलं आणि इमारती काढून टाकल्या. या 'फॅबडेम'मध्ये वस्तीच्या भागातली सरासरी चूक १.६१ मीटरवरून १.१२ वर आली आणि जंगलातली ५.१५ वरून २.८८ वर.

एका सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचून आनंद होणारच. नवा उपग्रह नाही, नवं रॉकेट नाही, नुसत्या कोडने एवढी सुधारणा! मीही खूष झालो होतो. आमच्या ऑफिसात तर कुठल्याही प्रश्नावर हल्ली एकच उत्तर असतं, मॉडेल लावा. पण मॉडेल शिकतं कशावरून? कुठेतरी कोणीतरी विमानातून लेसर मारून किंवा पायी हिंडून जमिनीची खरी उंची मोजलेली असते, त्यावरून. फॅबडेमला १२ देशांतली अशी खरी उंची शिकायला मिळाली. जिथे खरं उत्तर उपलब्ध नाही तिथे मॉडेल दुसऱ्या गावांवरून अंदाज बांधतं. अंदाज चांगला असेल, पण शेवटी अंदाजच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण व्हिएतनामचं. मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश समुद्रापासून सरासरी २.६ मीटर उंच आहे असं एसआरटीएमसारख्या डेटावरून धरलं जात होतं. २०१९ मध्ये मिंडरहाउड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी नकाशांमधले जमिनीवर मोजलेले बिंदू वापरले. उत्तर आलं सुमारे ०.८ मीटर! कोट्यवधी लोकांच्या पायाखालची जमीन एका निबंधात पावणेदोन मीटर खाली आली. आणि ती खाली आणली कुठल्या नव्या उपग्रहाने नाही, आधीच मोजून ठेवलेल्या आकड्यांनी.

त्याच वर्षी कल्प आणि स्ट्रॉस यांचा निबंध आला होता. तोच, ज्याच्यावरून '२०५० मध्ये मुंबई बुडणार' असे नकाशे आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरले. त्यांनीही एसआरटीएममधली किनाऱ्यावरची चूक मशीन लर्निंगने कमी केली. आजच भरतीरेषेच्या खालच्या जमिनीवर सुमारे ११ कोटी लोक राहतात असा त्यांचा हिशोब, आणि त्यांचे आकडे एसआरटीएमवरून काढलेल्या आकड्यांच्या साधारण तिप्पट. समुद्र तोच, माणसं तीच. जमिनीच्या उंचीचा तक्ता बदलला आणि धोक्यातली माणसं तिप्पट झाली. पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोन गोष्टी गाळल्या. एक, भिंती-बांध त्या हिशोबात धरलेले नव्हते. दोन, नव्या आकड्यातही चूक शिल्लक होतीच. आम्ही मित्रांनीही तो नकाशा बघून 'चला, दादरचा फ्लॅट स्वस्त होणार' असले विनोद केले. मीच दोन वर्षांनी तसलाच नकाशा बनवून काकांना सल्ला देणार होतो हे तेव्हा कुठे माहीत होतं!

तर माझं मत असं. उपग्रहाची उंची आणखी अचूक करायची गुरुकिल्ली आता आकाशात नाही, जमिनीवर आहे. आकाशातलं काम पुष्कळ झालंय. अडलंय ते जमिनीवर मोजलेल्या आणि कोणालाही तपासता येतील अशा बिंदूंवर.

'आता आइससॅट-२ आहे की!' असं कोणी म्हणेल. आहे, आणि अफलातून आहे. २०१८ मध्ये गेलेला हा उपग्रह हिरव्या लेसरचे सेकंदाला दहा हजार ठोके मारतो, आणि पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचलेले मोजके फोटॉनसुद्धा मोजतो. पण तो मोजतो रेघांवर. सहा किरण, त्यांच्या तीन जोड्या, आणि दोन जोड्यांमध्ये तीन किलोमीटरहून जास्त अंतर. मावशीची गल्ली त्या अंतरात कुठेतरी पडते. मोठ्या भागातली चूक पकडायला तो उत्तम, गल्लीत पाणी कुठून शिरेल ते सांगायला नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. उंचीचा बारीक डेटा खुला केला तर शत्रूच्या हाती जाईल. लष्करी ठिकाणं वगळा ना, कोण नाही म्हणतंय? पण ३० मीटरचा डेटा सगळ्या जगाकडे आहेच. आणि सांगलीतल्या गटाराची लेव्हल समजून कुठला शत्रू काय करणार आहे? इंग्लंडने २०१५ मध्ये आपल्या पर्यावरण खात्याचा लेसरने मोजलेला डेटा खुला केला. नेदरलँड्स आणि अमेरिका असा डेटा फुकट देतात. अर्धा देश समुद्राच्या पातळीला असलेल्या नेदरलँड्सला ही माहिती लपवण्यापेक्षा वाटण्यात सुरक्षा दिसते, याचा आपण विचार करावा.

मुळात मोजण्यात आपण कधी मागे नव्हतो. १८०२ मध्ये मद्रासपाशी सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने अख्खा देश साखळ्या आणि थिओडोलाइटने मोजला. एव्हरेस्टची उंची राधानाथ सिकदारांनी हिशोबातून काढली तेव्हा उपग्रह सोडा, विमानही नव्हतं. आजही रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. (गाडी थांबली की मी चहाच्या आधी ती पाटी बघतो. हसू नका.) कालवा, रस्ता, ड्रेनेज, पूल, प्रत्येक कामाआधी कोणीतरी उन्हात उभं राहून लेव्हल घेतलेलीच असते. ते आकडे फायलींमध्ये जातात, काम संपतं, फाइल गठ्ठ्यात जाते. पुढच्या कामाला पुन्हा नवी लेव्हल.

आता निदान धोरणं तरी बदलताहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीयांसाठी नकाशे आणि मोजणीचे नियम बरेच सैल झाले. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात तर २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेचा उंचीचा संच करायचं उद्दिष्ट लिहिलंय. २५ सेंटिमीटर म्हणजे वीतभर! हे खरंच झालं तर मावशीच्या घरी पाणी पायरीपर्यंत येणार की चुलीपर्यंत, हे सांगता येईल. माझी मागणी एवढीच आहे की तो संच होईल तेव्हा सांगलीतल्या कॉलेजच्या पोरालाही अर्ज-विनंत्या न करता उतरवून घेता यावा. आणि तो होईपर्यंत, आहेत ते फायलींमधले बिंदू तरी बाहेर यावेत. शिवाय प्रत्येक आकड्याशेजारी त्याची चूक छापलेली असावी. माझ्या नकाशावर 'घर तीन मीटर वर' याऐवजी 'तीन मीटर वर, चूक पाच-सहा मीटरची' असं लिहिलेलं असतं, तर मी तो फोन केलाच नसता. ही माहिती एसआरटीएमच्या कागदपत्रांत पहिल्यापासून होती. सोळा मीटरची हमी होती, आणि प्रत्यक्षात आपल्या खंडात चूक सहा मीटरच्या आसपास निघाली होती. मी वाचली नव्हती. आणि निळा रंग भरताना कुठलंही सॉफ्टवेअर ती आपणहून दाखवत नाही. हा आमच्या धंद्याचा दोष आहे, उपग्रहाचा नाही.

२०२२ च्या दिवाळीत मी प्रायश्चित्त घेतलं :-) कॉलेजचा एक सिव्हिलवाला मित्र ऑटो लेव्हल घेऊन आला. जवळच्या ड्रेनेजच्या कामाचा बेंचमार्क माहीत होता. तिथून दोघांनी गल्लीबोळांतून लेव्हल आणत आणत थेट काकांच्या रेघेपर्यंत नेली. अख्खी गल्ली बघायला जमली होती. घरी येऊन ताडून पाहिलं. मी वापरलेला आकडा फरशीच्या खऱ्या उंचीपेक्षा पाच मीटर जास्त होता. फॅबडेमचा दीड मीटर जास्त. सुधारणा प्रचंड आहे, मी ती नाकारत नाहीच. पण दीड मीटर म्हणजे जमीन ते छाती. फ्रिज वर न्यायचा की नाही, हे ठरवायला रेघच लागते.

त्या दिवसापासून माझ्याकडे समुद्रसपाटीपासून मोजलेला, तारीख असलेला, २०१९ च्या पुराच्या उंचीचा एक खराखुरा बिंदू आहे. एक म्हणजे काहीच नाही. पण सांगली, कोल्हापूर, महाड, चिपळूण इथल्या घराघरांत अशा रेघा आहेत आणि दर रंगकामाला त्या बुजताहेत. तुमच्या घरी असेल तर रंग देण्याआधी तिचा फोटो काढा, तारीख लिहा आणि जमलं तर कोणा सिव्हिलवाल्याला चहाला बोलवा.

फोल्डर काही मी उडवलं नाही. परवा मावशीला सांगितलं की तुमच्या घराबद्दल लिहितोय. म्हणाली, "लिही की. पण रेघ कुठं आहे ते बरोबर लिही. मधल्या दाराच्या डाव्या अंगाला."

तर मंडळी, मधल्या दाराच्या डाव्या अंगाला.